निचरा तास

माझ्या ताईचं लग्न मोडलं, आणि ते मोडायला मी नवरदेवाचा कान पिळला एवढंच कारण पुरलं.

तर तसं काही झालेलं नाही. लातूरच्या अविचल क्लासेसने काढलेल्या जाहीर खुलाशात स्पष्ट म्हटलंय की उदगीरच्या त्या मंगल कार्यालयात ‘कोणताही अनुचित प्रकार घडलेला नाही’. मी अविचलचा विद्यार्थी. संस्थेचं म्हणणं खोडून काढणं मला शोभत नाही. तेव्हा आपण असं धरू की अजून काहीच झालेलं नाही. ताईचं लग्न ठरायचंय, मी बारावीत आहे, माझ्या कानामागे चकती आहे आणि मला काहीही वाटत नाहीये.

चकतीचं आधी सांगतो, म्हणजे पुढे अडायला नको.

परीक्षेत अवघड प्रश्न दिसला की मेंदूतली बदामाएवढी एक गाठ ओरडायला लागते. तिचं नाव अमिग्डाला. समोर वाघ आहे की सेंद्रिय रसायनशास्त्र आहे, हा फरक तिला कळत नाही. ती दोन्हीला सारखीच घाबरते. ती ओरडली की काळीज धडधडतं, तळहात ओले होतात, रक्तात कॉर्टिसॉल वाढतं, आणि आठवणींचं कोठार म्हणजे हिप्पोकॅम्पस दार लावून घेतं. पाठ केलेलं सगळं आत असतं. फक्त आपण बाहेर असतो.

आता मेंदूपासून पोटापर्यंत व्हेगस नावाची एक लांबलचक नस जाते. तिची एक बारीक फांदी कानात येते. कानात तिचं काय काम, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. पण ती येते, आणि त्यावरच अविचलच्या दोन इमारती उभ्या आहेत. चकती कानाच्या मागे चिकटते, तिची पातळ जीभ कानाच्या खळग्यात वळते. ठोके चढायला लागले की चकतीला कळतं, ती त्या फांदीला हलका करंट देते, आणि व्हेगस काळजाला सांगते, बस खाली. काळीज बसतं. भीती असो, राग असो की आनंद, त्याचं अर्धं काम शरीरात होतं. शरीरच सामील झालं नाही की मेंदू म्हणतो, बरं, मग काही झालं नसेल.

पण म्हणून भावना नाहीशी होत नाही. अमिग्डालाने त्या प्रसंगावर शिक्का मारलेला असतो, शरीराकडून पोच तेवढी आलेली नसते. ती भावना थांबून राहते. अशा थांबलेल्या भावनांसाठी अविचलमध्ये दर रविवारी निचरा तास असायचा. हॉलमध्ये गाद्या टाकायचे, समुपदेशक मॅडम सगळ्यांच्या चकत्या मंद करायच्या, आणि आठवड्याचं जे काय असेल ते निघायचं. क्रम एकच, सगळ्यात मोठं आधी. बुधवारी मेसमध्ये केलेल्या विनोदाला तौफिक, म्हणजे माझा रूममेट, रविवारी लोळून लोळून हसायचा. शेजारच्या गादीवरचा मुलगा आदल्या सोमवारच्या टेस्टसाठी हुंदके देत असायचा. तास संपला की सगळे तोंड धुऊन पोहे खायला जायचे. मला वाटतं, आम्ही तसे सुखात होतो.

मग दिवाळीनंतर पोर्शन मागे पडला.

लातुरात पोर्शन मागे पडला की जे होतं तेच झालं. रविवारचा तास एक्स्ट्रा लेक्चरला गेला. संचालकांनी सांगितलं, निचरा परीक्षेनंतर एकदमच घेऊ. पालकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या असत्या, पण तसं काही वाटलं नाही.

ते एक्स्ट्रा लेक्चर विश्वंभर माकणीकर सरांचं. फिजिक्स. शिक्षकांनाही चकती सक्तीची, कारण चिडलेला शिक्षक दिसला की अख्ख्या वर्गाचे ठोके चढतात, असं सिद्ध झालेलं. सरांनी तीन वर्षांत आवाज चढवला नव्हता. शिक्षकांचाही निचरा रविवारीच असायचा, पण सर त्या वेळेत मुलांच्या शंका सोडवत बसायचे. मी अकरावीत नवा होतो तेव्हा एके दिवशी ते डोकं भादरून आले आणि घूर्णन गती शिकवायला लागले. आम्हाला वाटलं, उन्हाळा.

असा माणूस आमच्या घरी पालकभेटीला आला आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच्यावर खूश झाले. अण्णांचा उदगीरला मंडप आणि साऊंडचा धंदा आहे. ते घरातही माईक चालू असल्यासारखे बोलतात. आयुष्यभर अण्णांच्या आवाजात वाढलेली माझी ताई, शिवकन्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवते. तिथल्या पोरांना चकत्या नाहीत. रडणाऱ्या पोराला ती टाकीपाशी नेते, तोंड धुवायला लावते, मग म्हणते, “झालं? की अजून आहे?” अजून असलं तर ती थांबते. तिला दिवसभर आवाजच आवाज. सर चहा प्यायले, कपाचासुद्धा आवाज झाला नाही, तेव्हाच तिने मनात काहीतरी ठरवलं असावं.

पुढच्या वेळी सर त्यांच्या काकांना घेऊन आले. बघायचा कार्यक्रम. ताईने सरळ विचारलं, “तुम्हाला राग येतो का?”

“येतो,” सर म्हणाले. “साधारण रविवारी.”

“आणि रविवारी तुम्ही कुठे असता?”

“क्लासमध्ये.”

“मग चालेल,” ताई म्हणाली, आणि हसली. सरही हसले, म्हणजे त्यांनी हसण्याची जागा ओळखून दात दाखवले. सासू नाही, दोन वर्षांपूर्वी वारली, असं काकांनी सांगितलं. आई हळहळली. सरांनी मान हलवली, जसं कुणी दुसऱ्या कुणाबद्दल बोलतंय. तारीख ठरली ती माझ्या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या थोडी आधीची. दुसरा मुहूर्त अण्णांच्या लाऊडस्पीकरला मोकळा नव्हता.

हळदीच्या आदल्या दिवशी मी घरी गेलो. ताई गच्चीवर पापड उचलत होती. मी चटईच्या कडेला रोगप्रतिकारशक्तीचा धडा उघडून बसलो.

“पदू, एक मागते.”

“माग.”

“पाठवणीला रडशील का रे?”

“किती?”

“किती म्हणजे? गाढवा, मापून रडतात का?” तिने एक तुटका पापड माझ्या पुस्तकावर ठेवला. “लोकांसाठी नको. माझ्यासाठी. आई पाहुण्यांच्या जेवणात असेल.”

“अण्णा रडतील की.”

“अण्णा माईकवर रडतील. ते धंद्यात जातं.”

मी तिला परिस्थिती सांगितली. परीक्षेआधी क्लासच्या बाहेर चकती काढली तर स्थिर बॅचमधून, म्हणजे निवडक मुलांच्या बॅचमधून, नाव जातं. शिवाय दिवाळीपासूनचा निचरा तुंबलेला. काढली की आधी काय बाहेर येईल ते माझं मलाच माहीत नव्हतं. पंधरा दिवस नुसता रडत बसलो तर सीट गेली.

“मग?”

“मग काही नाही. साठून राहतं ते. परीक्षा झाली की काढतो, आणि तुझ्या पाठवणीचं सगळं रडतो. एक थेंब कमी नाही.”

“आणि मला कसं कळणार?”

“फोन करीन.”

ताईने पापडांचा डबा बंद केला. “बरं,” म्हणाली. “पण नक्की कर. मी वाट बघते.” माझे ठोके किंचित चढले असावेत, कारण कानात मुंगी चावल्यासारखं झालं. मग मी पुढचं पान उलटलं.

लग्नात अक्षता पडल्या, हार घातले, आणि पाहुणे जेवणाच्या हॉलकडे पळाले. स्टेजवर होमापाशी घरचेच तेवढे उरले. सप्तपदी व्हायची होती. त्याआधी कानपिळीसाठी गुरुजींनी मला बोलावलं. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, म्हणजे माझ्या बहिणीला नीट सांभाळ, एवढी आठवण त्याला द्यायची. मग तो भावाला टॉवेल-टोपी देतो आणि सगळे हसतात.

“अरे डॉक्टर, जोर लाव की,” सरांचे काका म्हणाले. “पुढं तुलाच टाके घालायचेत.”

“नुसतं हात लावूलालास काय?” आई म्हणाली. “पिळ.”

मी पिळला. बलाचा आघूर्ण म्हणजे बल गुणिले अंतर, हे सरांनीच शिकवलेलं. कानाचा वरचा टोकाचा भाग धरला की कमी जोर लागतो. त्या कानामागे चकती आहे हे मला माहीत होतं. मी विसरलो नव्हतो. मला त्याचं काही वाटलं नाही, इतकंच. चकती निघाली आणि माझ्या हातात आली. अजून कोमट होती.

सर माझ्याकडे बघून हसले. मग हसू तसंच राहिलं आणि त्याच्याखाली तोंड वाकडं व्हायला लागलं.

“माझी आई गेली,” ते म्हणाले.

काका म्हणाले, “हां रे बाबा. आज असायला पाहिजे होती.”

“काका, आई गेली.”

“दोन वर्षं झाली रे विश्वंभर.”

“मला आत्ता कळलं,” सर म्हणाले, आणि होमासमोर आडवे झाले.

मी माणसं रडताना पुष्कळ पाहिलीत, दर रविवारी एक हॉल भरून. हे तसलं नव्हतं. रविवारचं आठवड्याचं असायचं. सरांचे हातपाय आखडत होते, मुंडावळ्या तोंडात जात होत्या, आणि ते आईला हाका मारत होते, अगदी लहान पोर बाजारात हरवल्यावर मारतं तशा. गुरुजींच्या उपरण्याला अण्णांचा कॉलर माईक होता. गुरुजी सावरायला वाकले तसा माईक सरांच्या तोंडाशी आला. जेवणाच्या हॉलमध्ये, पार्किंगमध्ये आणि बाहेरच्या रस्त्यावर सगळं स्वच्छ ऐकू जात होतं. मागे मिक्सरवर बसलेल्या अण्णांना वाटलं, सिस्टिम घुमतेय. त्यांनी बास कमी केला. रडणं आणखी स्पष्ट झालं.

अखेर काका म्हणाले, “गुरुजी, जरा पाणी पाजून पुढं उरकून घेऊ.”

गुरुजी तरुण होते, हेरंबशास्त्री म्हणून. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील, आणि नवीन माणसाचं असतं तसं त्यांचं काम चोख. ते उठून उभे राहिले. “पुढं कसं घेता येईल? हे म्हणतायत, आत्ता कळलं.”

“अहो, अंत्यविधी यानेच केला. दहावं, तेरावं, सगळं. मी होतो तिथं.”

“हाताने केलं असेल. पण सुतक कळल्यापासून धरतात. परगावी असलेल्या मुलाला उशिरा कळलं तर कळलं त्या दिवसापासून. आणि आई-वडिलांच्या बाबतीत वर्ष उलटून कळलं तरी पूर्ण दहा दिवस.”

“तो परगावी कुठं होता? चितेपाशी उभा होता.”

गुरुजींनी माझ्या हातातल्या चकतीकडे बघितलं. “हे लावून उभे होते ना? मग नव्हते म्हणायचे.”

हे सगळं माईकवर चाललेलं. जेवणाच्या हॉलमधून तीन मतं आली. एक म्हणजे अक्षता पडल्या, लग्न झालं. दुसरं म्हणजे सप्तपदी नाही, म्हणजे नाही झालं. तिसरं मत अण्णांच्या एका मित्राचं होतं, की जेवणं सुरू झालीत म्हणजे झालंच. सरांच्या काकूने घाईघाईने विचारलं की नवरदेवाला सुतक असेल तर आमच्या घराण्यात सगळ्यांनाच का, कारण पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे वास्तुशांत होती. गुरुजी म्हणाले, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना, मग तुमचं फिटलं. काकू निश्चिंत होऊन जेवायला गेल्या.

ताई इतका वेळ पाटावर बसून होती. मग ती सरांशेजारी खाली बसली. त्यांचं डोकं तिने मांडीवर नाही घेतलं. शालू सावरला, वाकली, आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, “काय म्हणायचे तुम्ही त्यांना?”

“बाई,” सर म्हणाले. “मी आईला बाई म्हणायचो.”

“अजून आहे?”

“हो.”

“बरं,” ती म्हणाली, आणि थांबली.

मग तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिचं काजळ उतरलं होतं, पण ती रडत नव्हती. आधी कुणीतरी दुसऱ्याने रडावं, म्हणजे आपल्याला सुरुवात करता येईल, अशी ती बघत होती. अण्णा मिक्सरवर, आई कपाळाला हात लावून खांबाला टेकलेली. उरलो मी.

“पदू, तू पण काढ,” ताई म्हणाली. “पाठवणी काही होत नाही आज. पण काढ.”

मी हिशेब केला. परीक्षा जवळ होती.

“परीक्षेनंतर,” मी म्हणालो. “साठलंय ताई, सगळं साठलंय. काळजी करू नको.”

तिने मान हलवली आणि परत सरांकडे वळली.

त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. आवाज इतका स्वच्छ होता की अण्णांना त्यावरून तीन ऑर्डरी आल्या. अविचलने खुलासा काढला, तो वर सांगितलाच. आणि त्याच रात्री आम्हा सगळ्यांच्या चकत्यांना अपडेट आलं. त्यात ‘साठा व्यवस्थापनात सुधारणा’ एवढंच लिहिलेलं. आम्ही ‘मान्य’ दाबलं. अपडेटला आम्ही नेहमीच मान्य दाबतो.

सुधारणा काय होती ते मला पुष्कळ नंतर समुपदेशक मॅडमनी सांगितलं. आपण झोपलो की मेंदू दिवसाच्या आणि मागच्या आठवणी एकेक बाहेर काढतो, परत आवरून ठेवतो. बाहेर काढलेली आठवण तेवढ्यापुरती मऊ असते. नेमक्या त्या वेळी शरीर पूर्ण शांत ठेवलं तर अमिग्डालाचा शिक्का पुसट होत जातो, आणि आठवण शिक्क्याशिवाय परत आत जाते. प्रसंग राहतो, त्याचं वाटणं जातं. जुनी चकती फक्त दिवसा काम करायची. सुधारलेली रात्रीही करायला लागली. कुणाचाही साठा पुन्हा भर मांडवात फुटू नये, एवढाच त्यामागे चांगला हेतू होता. आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. झोप मात्र छान लागायला लागली.

दहा दिवस झाले तेव्हा ताई हॉस्टेलवर आली. मेसच्या बाहेर बाकावर बसली. मी उजळणीच्या चिठ्ठ्या घेऊनच खाली आलो.

“जाऊन आले माकणीकरांकडे,” ती म्हणाली. “दहावं झालं त्यांच्या आईचं. दुसऱ्यांदा.”

“कसे आहेत?”

“मोठ्याने बोलतात रे ते. म्हणजे अण्णांसारखे नाही, पण बोलतात. रागावतात. शेजाऱ्याच्या कुत्र्यावर सुद्धा रागावले. मग हसले. मला वाटलं, मी हा माणूस बघितलाच नव्हता.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “मी त्यांना म्हटलं, तुम्ही मला हो म्हणालात तेव्हा चकती कानाला होती. आता परत विचारते.”

“मग?”

“म्हणाले, शिवकन्या, खोटं नाही सांगत, मला माहीत नाही. तुमचं नावसुद्धा मी आत्ता पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटतंय.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी काय म्हणणार? खरं बोलला माणूस. मी म्हटलं, बरं, आणि उठले.” इथे ती रडायला लागली. मेसमधून मुलं ताटं घेऊन बाहेर येत होती आणि आमच्याकडे न बघता जात होती, कारण बघण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं.

मी तिला पाण्याची बाटली दिली. मग म्हणालो, “तुझ्या भावना अगदी योग्य आहेत. त्यांना वेळ दे.”

ताईने रडता रडता माझ्याकडे बघितलं. “हे कुठनं आणलंस?”

मी मेसच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे रंगवलेलं आहे, हात धुवायच्या जागेच्या वर.

ती बराच वेळ भिंत वाचत होती. मग तिने बाटलीचं झाकण लावलं, बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “चल, तुझा अभ्यास असेल.” हो, होता. मी तिला गेटपर्यंत सोडलं. रिक्षात बसताना तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी चिठ्ठीवरचं एक सूत्र मनात म्हणून बघितलं. आलं.

परीक्षा उत्तम गेली. सेंद्रिय रसायनशास्त्र समोर आलं तेव्हा अमिग्डाला चकार शब्द बोलली नाही. निकाल लागला, सरकारी कॉलेजची सीट पक्की झाली. अण्णांनी गल्लीत स्पीकर लावले. अविचलने चौकात माझा फोटो लावला. त्यात मी हसतोय, म्हणजे फोटोवाल्याने सांगितलं तसं तोंड केलंय.

मग ठरल्याप्रमाणे मी निचऱ्याला गेलो. खोलीत एकच गादी, शेजारी टिश्यूचा डबा. मॅडमनी चकती काढली. कानामागची कातडी पांढरी पडली होती.

“सगळ्यात मोठं आधी येतं,” त्या म्हणाल्या. “घाबरू नको.”

मी तयार होतो. मोबाईल हाताशी ठेवला होता, ताईचा नंबर काढून. आडवा पडलो. आधी प्रवेशयादीची भीती आली, अगदी थोडी, आदल्या आठवड्याची. आली तशी गेली. मग मेसच्या डाळीचा राग आला. मग तौफिकचा एक विनोद आठवून हसू आलं. हे सगळं पोहे होईपर्यंत संपलं.

“एवढंच?” मी विचारलं.

“एवढंच दिसतंय.”

“मोठं राहिलंय. मांडवातलं. माझ्या ताईचं.”

मग मॅडमनी अपडेटचं सांगितलं, वर लिहिलंय ते. सांगताना त्यांचा चेहरा अगदी शांत होता. त्यांच्याही कानामागे चकती होती.

घरी जाऊन मी अण्णांच्या कॉम्प्युटरवर लग्नाचा व्हिडिओ लावला. ताई खाली बसते, वाकते, विचारते. मग मान वर करून माझ्याकडे बघते. तिथे मी व्हिडिओ थांबवला. मला सगळं आठवतं. शालूचा रंग, होमाचा धूर, माझ्या मुठीत चकती कशी कोमट होती ते. इथे वाईट वाटायला पाहिजे, हे मला नीट समजतं, जसं गणितात उत्तर ऋण यायला पाहिजे हे समजतं. मी पुष्कळ वेळ बसून राहिलो. आईने हाक मारली, जेवायला गेलो.

ताईची बदली आता निलंग्याकडे झाली आहे. तिथे एकटीच राहते. पूर्वी ती फोनवर पहिला शब्द ‘गाढवा’ म्हणायची. आता म्हणते, “प्रद्युम्न, बरा आहेस ना?” मी बरा आहे म्हणतो. ती म्हणते, जेवत जा. मग आम्ही दोघं जरा वेळ फोन धरून असतो. ती विचारत नाही. तिने एकदाही विचारलेलं नाही. मी खोटं रडून दाखवावं असंही मनात येऊन गेलं. पण ती पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवते, तिला खोटं रडणं कळतं.

म्हणून खालील अर्ज केला आहे. पोच मिळालेली नाही.

*

प्रति,
मा. संचालक,
अविचल क्लासेस, लातूर.

विषय : माझ्या साठ्यातील एक भावना परत मिळणेबाबत.

महोदय,

मी आपल्या स्थिर बॅचचा माजी विद्यार्थी असून आपल्या संस्थेमुळे मला अपेक्षित गुण मिळाले आहेत. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तथापि, माझ्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी मांडवात, तसेच त्यानंतर मेससमोरील बाकावर, मला जे वाटायला हवे होते, ते आपल्या चकतीने माझ्या संमतीने राखून ठेवले होते. ते मला अद्याप मिळालेले नाही. सदर भावना माझ्या वापराची नसून ती माझ्या बहिणीला देणे आहे. तिने ती आगाऊ मागितली होती व मी देण्याचे कबूल केले होते.

तरी ती मूळ स्वरूपात परत मिळावी. बदली भावना, दुसऱ्या विद्यार्थ्याची उरलेली भावना, किंवा समुपदेशनाचा मोफत तास चालणार नाही.

शोधाशोधीस वेळ लागणार असल्यास हरकत नाही. मात्र तोपर्यंत माझ्या बहिणीने वाट पाहणे सोडू नये, असे संस्थेने आपल्या लेटरहेडवर तिला कळवावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
प्रद्युम्न नळेगावकर